अक्काच्या मागची येळवस

बुधवार, तुळजापूर

पुण्याहून पहाटेच्या एसटीने मी आणि माझे वडील, अण्णा, निघालो. सोलापूरपर्यंतच्या रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथे गाडी बदलून तुळजापूरचा घाट चढलो की मराठवाडा लागतो. बालाघाटाच्या कडेवर देवी बसलेली आणि तिच्यापुढे अख्खं पठार. अक्का म्हणायची, "आईच्या उंबऱ्यातून आत आल्याबिगर आपल्या घरी जाता येत न्हाई."

अक्का म्हणजे माझी आजी, अण्णांची आई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. यंदा श्रावणात ती गेली, ८७ वर्षांची होऊन. दहाव्याला-तेराव्याला माणसांची अशी रीघ होती की कुणाशी तिच्याबद्दल दोन शब्द धड बोलणं झालं नाही. ते मनात राहिलं होतं. म्हणून येळवशीच्या सणाला गावी जायचं, तिथून तिच्या माहेरी जायचं आणि मगच पुण्याला परतायचं, असं मी आणि अण्णांनी ठरवलं.

तुळजापूर आधी, कारण अक्काच्या घरात परडी होती आणि गळ्यात कवड्यांची माळ. मंगळवारी-शुक्रवारी आराधिणी जोगवा मागत आल्या की ती पीठ-मीठ घेऊन दारात उभी राहायची. स्वतःही पाच घरं जोगवा मागायची. मला लहानपणी ते कळायचं नाही. जिच्या दारात रोज कुणी ना कुणी जेवून जातं, तिने दुसऱ्याच्या दारात पदर का पसरायचा? विचारलं तर म्हणाली, "मागायची सवय पण ठिवावी बाई. न्हाईतर देणाऱ्याला माज येतो."

कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतले, दर्शन घेतलं. बाहेर आल्यावर अण्णांनी एका दुकानातून ज्वारीचं पीठ घेतलं आणि महाद्वाराच्या बाजूला बसलेल्या आराधिणींच्या परड्यांत चिमूट-चिमूट नाही, ओंजळ-ओंजळ घातलं. घरी कधी पिठाच्या डब्याला हात न लावणारे अण्णा. त्यांच्या शर्टाची पुढची बाजू पांढरी झाली होती आणि त्यांनी ती झटकली नाही. मुक्काम तिथेच केला.

गुरुवार, गाव

नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणी महाल एसटीच्या खिडकीतूनच पाहिला. उमरग्याच्या रस्त्याने पुढे जाऊन वाहन बदललं आणि लोहाऱ्याच्या बाजूला वळलो. सप्टेंबरच्या पावसाच्या खुणा अजून होत्या. ओढ्याकाठच्या रानांतली माती खरवडून गेलेली, बांध फुटलेले, सडलेल्या सोयाबीनच्या गंजी कडेला काळ्या पडलेल्या. पण जिथे वाफसा वेळेवर आला तिथे ज्वारी कंबरेला लागली होती आणि हरभऱ्याला घाटे धरले होते.

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी बसलेलं. तात्या (माझे चुलते) आणि काकू तिथेच असतात, शेती करतात. काकूंनी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी सवयीने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाहिलं. अक्काचं पितळी मापटं तिथेच होतं, ज्वारीच्या कणगीवर पालथं घातलेलं. काठाला एका बाजूने चेपलेलं, बुडाला झाळलेलं, आतून हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं.

या मापट्याबद्दल सांगायलाच हवं. कुणी उसनी ज्वारी मागायला आलं की अक्का मापटं भरायची आणि डावा तळहात काठाला आडवा धरायची, म्हणजे वर टाकलेले दाणे ओघळत नाहीत. मग उजव्या ओंजळीने वर घालत राहायची. हळूहळू शीग चढायची, टोक निघायचं, शेवटचा दाणा घसरून खाली पडला की थांबायची. आणि तोच माणूस सुगीनंतर परत द्यायला आला की त्याच मापट्याच्या काठावरून हात सपाट फिरवायची, वरचे दाणे त्याच्याच पिशवीत पाडायची. द्यायचं शीग लावून, घ्यायचं सपाट. आजोबा कधी कधी चिडायचे. "असं केल्यावर कणगी कशी भरंल?" ती म्हणायची, "भरती की. आजपातुर रिकामी बघितलाव का?"

खरं तर रिकामी झालेली त्यांनीही पाहिली होती, तिनेही. आमच्याकडे काही गडगंज नव्हतं. कोरडवाहू रान, त्यातलं निम्मं मुरमाड.

संध्याकाळी येळवशीचा विषय निघाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडचा शेतकरी घरदार घेऊन रानात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी लातूरसारख्या शहरात बाजारपेठ ओस पडते, कारण सगळा गाव कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतो. शेत नसलेल्यांनाही हक्काने बोलावणं असतं. आमच्याकडे दिवाळीपेक्षा येळवस मोठी.

पण वर्ष झालेलं नाही. घरात सण करायचा नसतो. तात्या म्हणाले, "चूल पेटवायची न्हाई. भाकरी अन् चटणी घिऊन जाऊ, काळ्या आईला निवद दाखवू, माघारी येऊ." अण्णांनी मान हलवली. काकू काही बोलल्या नाहीत. मला त्यांचं न बोलणं कळत होतं. लग्न होऊन आल्यापासून येळवशीच्या आदल्या रात्री त्या आणि अक्का जागायच्या. तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, हरभऱ्याचे सोले काढायचे, आंबील आंबलंय का ते पाहायचं. त्या रात्री घरात एक घमेलंही हललं नाही.

दिवेलागणीला एक म्हातारे गृहस्थ आले, खांद्यावर छोटी पिशवी. बसले, अण्णांची चौकशी केली, पाणी प्यायले. मग म्हणाले, "अक्काचं दोन मापटी देणं हाय. ज्वारी हाय." तात्यांना काही माहीत नव्हतं. अक्काने कधी वही ठेवली नाही. "कधीचं?" "मागल्या उन्हाळ्यातलं." तात्या म्हणाले, राहू द्या आता. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "ऱ्हाऊ द्या कसं? ती वर गेली म्हणून?"

काकूंनी मापटं आणलं. त्यांनी मोजून घेतलं आणि दोन्ही वेळा काठावरून सपाट हात फिरवला. वरचे दाणे पिशवीत परत पडले. कुणी काही बोललं नाही.

शुक्रवार, येळवस

सकाळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा एवढंच बांधून रानात गेलो. दुरूनच दिसलं, आमच्या चिंचेखाली कोप उभी होती. तात्यांनी केलेली नव्हती. शेजारच्या रानातल्या पोरांनी पहाटेच येऊन पेंढ्या लावल्या होत्या, पाच दगडांना चुना दिला होता, वर पांघरायला शाल आणली होती. तात्या त्यांच्यावर ओरडायला गेले आणि मध्येच थांबले.

पूजा साधीच केली. मला वाटलं, आता भाकरी खाऊन निघायचं. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक बाई आली, डोक्यावर पातेलं, वर फडकं बांधलेलं. "तुमची चूल बंद हाय, आमची न्हाई की," म्हणाली आणि कोपीपुढे भज्जीचं पातेलं ठेवलं. तिच्या मागून कुंभाराच्या घरातून आंबिलाचं बिंदगं आलं. मग बाजरीचे उंडे आले, गव्हाची खीर आली, धपाटी आली, ठेचा आला. तांबोळ्याची सून नव्या परातीत भज्जी घेऊन आली. तिच्या सासूला बाळंतपणात अक्काने डिंक-खोबऱ्याचे लाडू करून दिले होते म्हणे, सव्वा महिना. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारपर्यंत चिंचेखाली बारा-पंधरा घरांची भज्जी झाली. भज्जी म्हणजे बाहेरच्यांना भजी वाटतील. तसं नाही. तूर, वाल, वाटाणा, हरभरा, मेथी, पात, रानातलं जे हिरवं हाताला लागेल ते सगळं शिजवून, चिंच घालून, डाळीचं पीठ लावून घोटलेली ती भाजी असते. प्रत्येक घरची वेगळी. कुणाची आंबट, कुणाची हिरव्या मिरचीने झणका आणणारी, कुणाच्यात भुईमुगाचे दाणे जास्त. अण्णांनी प्रत्येक पातेल्यातली घेतली. जेवताना ते एकदाही बोलले नाहीत आणि वाढणाऱ्या एकाही हाताला नको म्हणाले नाहीत.

पूर्वी अक्का या दिवशी बांधावर उभी राहायची. रस्ता आमच्या रानाला लागूनच आहे. सायकलवाला, बैलगाडीवाला, पायी जाणारा, ती हात वर करून थांबवायची. "कुणाच्या येळवशीला निघालाव?" "कुणाच्याच न्हाई, कामाला निघालो." "मग या की!" एकदा एसटी थांबवली होती. ड्रायव्हर-कंडक्टर उतरून आंबील प्यायले आणि गाडीतल्या लेकरांच्या हातांत तिने उंडे दिले. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. गाडी हलली तरी खिडकीतून हात बाहेर येत होते आणि ती रस्त्याने चालत उंडे देत होती. ज्यांच्या घरी स्वयंपाकात काही कमी असायचं त्यांच्याकडे ती आदल्या रात्रीच गुपचूप डाळीचं पीठ पोहोचवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांनाही कुणाला तरी बोलावता यावं. जेवायला घालणं पुष्कळांना जमतं. समोरच्यालाही यजमान होता यावं, ही काळजी मी फक्त तिच्यात पाहिली.

ऊन कलल्यावर तात्यांनी घोंगडं पांघरलं, बिंदगं घेतलं आणि कडुलिंबाच्या डहाळीने उभ्या पिकावर आंबील शिंपडत रानाला वेढा घातला. मागून पोरं ओरडत होती, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" आमच्याकडे सगळ्या रानांतून त्या वेळी हीच आरोळी ऐकू येते, एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते. काकू कोपीजवळ बसल्या होत्या. रिकामी पातेली घासून त्या ओळीने मांडत होत्या आणि प्रत्येक पातेल्यात मूठभर ज्वारी घालत होत्या. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.

शनिवार, जुनं गाव आणि किल्लारी

सकाळी अण्णांबरोबर जुन्या गावठाणात गेलो. आता तिथे बाभळी आहेत, दगडांचे ढीग आहेत, एक आड आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जवळजवळ भुईसपाट झाली, सुमारे १० हजार माणसं गेली. घरं सगळी माळवदी. मातीत रचलेल्या हात-दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर लाकडी सरांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहणारं ते छत त्या रात्री माणसांच्या अंगावर आलं.

आजोबा आत झोपले होते. अक्का आत्याच्या लेकरांना घेऊन अंगणात होती. लेकरं वाचली, आजोबा गेले. अण्णा पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा पाऊस चालू होता आणि त्यांना गाव ओळखू येत नव्हतं. अक्का कुठे दिसेना. मग आवाजावरून सापडली. पडलेल्या भिंतीतलं बळद फुटलं होतं, वर्षाची ज्वारी दगडमातीत सांडली होती, आणि ती गुडघ्यावर बसून चाळणीने माती वेगळी करत होती. अण्णांना वाटलं, तिला भ्रम झाला. ती म्हणाली, "त्या मिलिटरीच्या पोरांनी कालपासून काय खाल्लं न्हाई. चूल मांड." दगडं तर सगळीकडे पडलेली होतीच. त्यातल्या तिनांवर पातेलं ठेवून तिने घुगऱ्या शिजवल्या आणि ढिगारे उपसणाऱ्यांना वाटल्या. गावातली एक थोरली बाई म्हणाली, सुतकात असं करू नये. अक्का म्हणाली, "सुतक मेलेल्याचं हाय. भूक जित्याची हाय."

हे अण्णांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्या आडाजवळ उभे राहून सांगितलं.

नव्या गावात घरं मिळाली ती ज्याची जमीन जेवढी त्या हिशेबाने, २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची. रस्ते सरळ झाले, भिंती पक्क्या झाल्या, आणि ते गरजेचंच होतं. पण जुन्या आळीत भिंतीला भिंत लावून राहणारे भूमिहीन शेजारी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मला वाटतं, या भागाचं हे नुकसान कुणी मोजलं नाही. अक्का रोज संध्याकाळी ते अंतर चालून जायची. हातात काहीतरी असायचं, ताकाचा तांब्या, लोणच्याची वाटी, नाहीतर नुसतीच बिब्ब्याची फुलं. गुडघे गेल्यावरही काठी घेऊन जायची.

किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी थोडा वेळ बसलो आणि औशामार्गे लातूरला मुक्कामाला आलो.

रविवार, लातूर ते बार्शी

लातुरात सकाळी गंजगोलाईला एक फेरी मारली. मधल्या जगदंबेच्या देवळाभोवती १६ रस्ते फुटतात. अक्का लग्नाच्या बस्त्याला इथेच यायची आणि दर वेळी एक लुगडं जास्त घ्यायची. कुणासाठी, ते आधी ठरलेलं नसायचं. २०१६ साली याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरला दिवसातून अर्धा तास पाणी यायचं. अक्काने नंबर लावून दिला होता. आधी लेकुरवाळ्या, मग म्हातारी माणसं, मग जनावरं, सगळ्यांत शेवटी आपलं घर.

तिथून मुरूड, येडशी करत बार्शीच्या रस्त्याला लागलो. या पट्ट्यातल्या एका गावात अक्काचं माहेर. तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, तिला त्याच गावात दिलेली. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, दात एकही नाही. मी म्हटलं, अक्का लहानपणापासूनच अशी होती का?

मावशीआजी जोरात हसली. "अशी? मला शेंगदाणा दिला न्हाई तिनं कधी!"

मग सांगू लागली. १९४८ साली रझाकारांच्या धाकाने त्यांचं कुटुंब रातोरात गाव सोडून हद्दीपलीकडे गेलं, बार्शीच्या बाजूच्या कँपात. निजामाच्या मुलखातून आलेली हजारो माणसं तेव्हा तिकडे होती. अक्का दहा वर्षांची, मावशीआजी सात. कुणीतरी दिलेला गुळाचा खडा अक्काने परकराच्या नेफ्यात लपवला आणि तीन-चार दिवस एकटीने चाटून खाल्ला. "मी रडून रडून झोपायची. तिनं दिला न्हाई. सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, माघारी गावी आलाव, तरी तिचा हात असाच," म्हणत मावशीआजीने मूठ घट्ट मिटून दाखवली.

अण्णा सरसावून बसले. आईचं हे रूप त्यांनाही नवं होतं. मला मात्र ते ऐकून फार बरं वाटलं. उपाशी दिवसांतली, गूळ लपवणारी ती पोर मला आजवर माहीत असलेल्या अक्काइतकीच जवळची वाटली.

"मग बदलली कधी?"

"बहात्तरात."

१९७२चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, जनावरं दावणीला मेलेली. अक्का आणि आजोबा खडी फोडायला दुष्काळी कामावर. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि कामावरच्या लेकरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. मावशीआजीचं पहिलं लेकरू तेव्हा वर्षाचं होतं, हगवणीने वाळून गेलेलं, अंगावर दूध नाही. अक्काला निरोप कळला. ती दोन दिवस पायी चालत आली. पदराला सुकडीचं गाठोडं, अण्णांच्या आणि तात्यांच्या वाटणीची, आठ दिवसांची साठवलेली.

"मी म्हणलं, तुझी लेकरं काय खातील? तर म्हणली, त्यांना मिलोची भाकर पचती. ह्याला पचत न्हाई." मावशीआजी थांबली. "तवा मला त्या गुळाची याद आली. तिला पण आली आसंल. बोलली न्हाई. सुकडी पाण्यात कालवून बोटानं भरवत बसली रातभर."

अण्णांनी हळूच विचारलं, "अन् ते लेकरू?"

"आत्ता च्या दिला की त्यानंच तुमाला," मावशीआजी म्हणाली.

दारात कप गोळा करत उभे असलेले, केस पिकलेले आमचे काका लाजले. त्यांनी आम्हाला त्यांच्या मोटारसायकलवरून, एकेकाला दोन खेपांत, बार्शी स्टँडवर सोडलं. अण्णांना तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊ दिलं नाही. पुण्याची गाडी लागेपर्यंत थांबले आणि खिडकीतून एक जड पिशवी आत ढकलली. बार्शीची ज्वारी होती, गळ्यापर्यंत भरून सुतळीने शिवलेली.